पळत्या जीपचं गाणं

चामोर्शीहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर भैयाजीने तिसऱ्यांदा जीप मागे घ्यायला लावली, तेव्हा कमलाच्या जिवाची घालमेल सुरू झाली.

अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना होता. कमलाची भीमगीतांची पार्टी जयंतीपासून गावोगाव फिरत होती. नागपूरच्या भैयाजीला त्यांच्या गाण्यांची व्हिडिओ कॅसेट काढायची होती. गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं. आता पळत्या जीपमध्ये नुसते ओठ हलवायचे, आणि भैयाजी पुढच्या दुसऱ्या जीपमधून ते टिपणार.

"कलाकाराची जिंदगी कशी पळते, ते दिसलं पाहिजे, बाई," तो म्हणाला होता. "आज हे गाव, उद्या ते गाव. हवा, धूळ, मजा!"

सकाळी कमलाला त्याचं हसू आलं होतं. पार्टीची जिंदगी पळत कुठे होती? ती अर्धीअधिक वाट पाहण्यातच जायची. शाळेच्या व्हरांड्यात, पंक्चर झालेल्या चाकापाशी, मंडप उभा राहीपर्यंत.

आता मात्र ती सारखी मागे वळून पाहत होती. मागच्या बाकावर ढोलकीवाला मुखरूभाऊ बसला होता. कालपासून त्याला ताप होता. "गोळी घेतली ना, उतरते," म्हणत त्याने सगळ्यांना गप्प केलं होतं. गळ्यात ढोलकी, डोळे तांबडेलाल, आणि मान जीपच्या गचक्यांबरोबर हलणारी.

"भैयाजी, पुरे करा आता," कमला ओरडली. "भाऊले दवाखान्यात न्या लागते."

"एक बार, बाई! ऊन गेलं का शॉट गेला." भैयाजी पुढच्या जीपमध्ये मागे तोंड करून बसला. कॅमेरा खांद्यावर घेतला.

तेवढ्यात मुखरूने कमलाचा हात धरला. तळवा तव्यासारखा भाजत होता.

"बायना, दार लाव ना वो. थंडी येऊन राह्यली."

बायनाबाई त्याची बायको. ती गावी होती, आणि इथे उन्हाने डांबर वितळत होतं.

कमला मागच्या बाकावर गेली, त्याला खांद्याशी टेकवून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "झिंगू, आता थांबू नको. सीधा गडचिरोलीचा दवाखाना."

झिंगूने जीप सोडली. पण पुढे भैयाजीची गाडी! रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना साग. झिंगू हॉर्नवर हॉर्न देऊ लागला. कमलाने बाहेर वाकून दोन्ही हात हलवले, "बाजूला व्हा! बाजूला व्हा!"

भैयाजीने अंगठा वर केला. त्याला वाटलं, बाई आत्ता कुठे रंगात आली! त्याची गाडीही पुढे पळू लागली. कमलाचे केस सुटले, गळा बसला. मुखरू काय बडबडतो ते कळेना, आणि तो गप्प झाला की ती त्याला हलवून पाहायची. शेवटी वळणावर झिंगूने जीप मातीत उतरवून पुढे काढली.

मुखरू वाचला. मेंदूत चढलेला मलेरिया उतरला, पण जाताना त्याचे कान घेऊन गेला. जवळ येऊन ओरडलं तरी त्याला नुसतं घुमल्यासारखं वाटायचं.

पावसाळा सरल्यावर कॅसेट आली. मुखरूच्या गावच्या विहारात एका रविवारी भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर लावला. कमला मुद्दाम गेली, पण तिचा पाय आत पडेना. बायनाबाईला पडद्यावर काय दिसेल, याची धास्ती होती; शेवटी ती तिच्या शेजारीच जाऊन बसली.

पडद्यावर जीप आली. धूळ उडवत, सागाची झाडं मागे टाकत. कमला केस मोकळे सोडून हात हलवत होती, मुखरू तिच्या खांद्यावर मान डोलवत होता. पोरींनी टीव्हीकडे बघून हात हलवले. "काय मजा हाय बा या लोकायची!" कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्या पडल्या.

बायनाबाई कमलाकडे वळली. "हे तवाचंच ना वो, बाई?"

कमलाने मान हलवली. आता ही रडेल, बोल लावेल, असं तिला वाटलं.

"फिरून लावा लागते तेवढं," बायनाबाई हळूच म्हणाली. "मी नव्हती ना तिथी."

कॅसेट मागे घेतली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. बायनाबाई तोंडाला पदर लावून नवऱ्याची ती लटपटती मान बघत राहिली.

"कोणतं गाणं होय हे?" मुखरूने विचारलं. कान गेल्यापासून तो मोठ्यानेच बोलायचा.

कमला त्याच्याजवळ बसली आणि त्याच्या पाठीवर बोटांनी ठेका धरला. क्षणभराने त्याचा चेहरा उजळला. बोटं सतरंजीवर पडू लागली, एकही मात्रा न चुकता. पडद्यावरचं गाणं संपलं, तरी ती थांबेनात. कमलाने हलकेच त्याच्या हातावर हात ठेवला, तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं.

"नागभीडच्या कार्यक्रमाले येऊ का मी?" त्याने विचारलं.

कमलाच्या डोळ्यांपुढे भरलेला मंडप आला. ठेका सुटला तर भर मंडपात लोक हसतील, मग हा माणूस पुन्हा ढोलकीला हात लावणार नाही. तरी तिने मान डोलावून हो म्हटलं.

नागभीडला ती लाकडी स्टेजवर त्याला चिकटून बसली आणि ठेका त्याला फळीतून जाणवावा म्हणून गाताना टाच आपटत राहिली. पहिली दोन कडवी तिला स्वतःचे शब्दही ऐकू येत नव्हते. सगळा जीव टाचेत होता. तिसऱ्या कडव्याला मुखरूने डोळे मिटले आणि लय थोडी वाढवली. कमलाची टाच थांबली, आणि ती त्याच्या लयीमागोमाग गात गेली.