फकिराचा नाच

दारव्ह्यात लग्नाचे फोटो काढणारे पुष्कळ, पण नवरीच्या नाकावरची पुळी पुसावी तर शादाबनंच. पुळीचं काय घेऊन बसलात, एकदा त्यानं नवरदेवाचा भांडकुदळ मामा असा सफाईनं पुसला, की अल्बम पाहून खुद्द मामालाच शंका आली, आपण लग्नाला गेलतो की नाही.

पण पुळ्या पुसून पुसून तो कंटाळला होता. नागपुरात निसर्गाच्या फोटोंची स्पर्धा होती. पहिला येणाऱ्याचा फोटो मोठ्या दालनात, भिंतभर लागणार होता. आपलं नाव त्या भिंतीवर पाहिल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरेना. नियम एकच होता, निसर्गाला हात लावायचा नाही.

शादाबनं नियम वाचला आणि कुऱ्हाड घेतली.

बंजाऱ्यांच्या तांड्याबाहेर, फकिरा नावाच्या म्हाताऱ्याच्या वावराच्या टोकाला एक जुनी काटेसावर होती. होळीच्या दिवसांत तिच्यावर पान एक नाही, नुसती लालभडक फुलं. फक्त पुढ्यात एक वाकडी बोर आडवी येत होती. होळीच्या संध्याकाळी शादाब आणि त्याचा चुलतभाऊ शाहिद मेकॅनिक यांनी ती तोडली. बोरीनं मरता मरता शाहिदचे दोन्ही हात कोपरापर्यंत सोलून काढले. मग खाली पडलेली फुलं वेचून शादाबनं ती पुढं नीट अंथरली, नवरीच्या खोलीत अंथरतात तशी.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फांदीखाली एक लांबडा काळा डाग दिसत होता.

"कोणाचं घोंगडं अडकलं वाटते," शाहिद म्हणाला.

"राहू दे. मागून कंप्युटरात पुसतो."

पुसता येणाऱ्या गोष्टीकडं मान वर करून पाहायची सवय शादाबला राहिली नव्हती.

आता उणीव होती धुक्याची. धुक्याशिवाय सूर्याचे किरण फोटोत दिसत नाहीत. म्हणून पहाटे दोघं ओलं कुटार, म्हणजे भुसा, भरलेला टिनाचा डबा घेऊन आले. दारव्ह्याची होळी रात्रीच पेटली होती, तेव्हा तांडा आता तंगड्या पसरून घोरत असेल, असा शादाबचा हिशेब. पण तांड्याची होळी पेटते पहाटे. सगळा तांडा जागा होता आणि बायांच्या हातात काठ्या होत्या. होळीला खांब रोवून त्याला गोडधोड बांधायचं, गड्यांनी ते पळवायला यायचं आणि बायांनी त्यांना बडवायचं, अशी तिथली रीत.

"काहून भाऊ, देवानं धुकं नाई देल्लं का?" कुटार पेटवत शाहिदनं विचारलं.

"मार्चात कोण देते? आपल्यालेच द्या लागते."

धूर सावरीत चढला. सूर्य वर आला आणि किरणांच्या सोन्याच्या सळया धुरातून आरपार गेल्या. शादाबचे डोळे भरून आले. वरून कापसाच्या जिनिंगची मशीन सुरू झाल्यासारखी घुमघुम येऊ लागली, तिकडं त्यानं लक्ष दिलं नाही.

तेवढ्यात तांड्याकडून पांढरं धोतर नेसलेला, लाल फेटा बांधलेला फकिरा धावत आला.

"इझव बे ते! वर मोहोळ हाये! आग्या मोहोळ!"

शादाबला ते लख्ख ऐकू आलं. पण म्हातारा नेमका किरणांत शिरत होता. लाल झाड, लाल फेटा, सोन्याचा धूर! दोन पावलं अजून, काका, तो मनात म्हणाला आणि बटण दाबलं.

स्क्रीनवरचा काळा डाग जागेवरून निघाला होता.

माशा एवढ्या उठल्या, की उगवलेला सूर्य घाबरून परत फिरतो की काय असं झालं. फकिराचा चेहरा दिसेनासा झाला. मानेवर नुसतं एक काळं, हलतं गाठोडं. त्यानं दोन्ही हात वर फेकले, गरगर फिरला, ओरडायला तोंड उघडलं तर माशा तोंडात शिरल्या. खुंट्याला बांधलेला गोऱ्हा दावं तोडता तोडता आडवा झाला, तो उठलाच नाही. आणि शादाबचं बोट दाबतच होतं.

पहिला डंख त्याच्या पापणीवर बसला, तेव्हा तो पळाला. शाहिद आधीच गेला होता, त्याच्या चपला तेवढ्या झाडाखाली उभ्या होत्या.

दोघं तांड्याच्या होळीच्या धुरात जाऊन कोसळले, म्हणून वाचले. फकिराची बायको हंसाबाई समोर उभी राहिली.

"म्हातारा कोठी हाये?"

शादाबनं बोट दाखवलं.

तिनं गोधडी अंगाभोवती लपेटली, पेटती पेंढी उचलली आणि गेली. नवऱ्याला पायाला धरून फरफटत घेऊन आली. तेवढ्या वेळात शादाबनं कॅमेऱ्यातलं नखाएवढं कार्ड काढून गालात दडपलं. गाल एवढा सुजला होता, की त्यात कार्ड काय, आख्खा कॅमेराही मावला असता.

गड्यांना बडवायचं ते खेळात. शादाबला बडवलं ते खेळात नव्हे. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला. कॅमेरा हंसाबाईनं दगडावर ठेवून काठीनं कुटला, तिखट कुटावं तसा.

मग सगळ्यांना एकाच जीपमध्ये कोंबून दारव्ह्याच्या दवाखान्यात नेलं. फकिराच्या अंगातून काढलेले माशांचे काटे वाटीत मावले नाहीत, परात आणावी लागली म्हणतात. एक डोळा गेला. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. शेजारच्या खाटेवर शादाब, गालात कार्ड. जेवताना या गालातून त्या गालात.

बोलता येऊ लागल्यावर फकिरानं पहिलं विचारलं, "फोटू आला का बे?"

शादाबला नाही म्हणता आलं असतं. कॅमेऱ्याचा चुरा सगळ्यांनी पाहिला होता. त्यानं त्या एका उघड्या डोळ्याकडं पाहिलं आणि कार्ड तळहातावर थुंकलं.

शाहिदच्या मोबाइलवर फोटो उघडला. सोन्याचं धुकं, पेटलेली सावर आणि हात उंचावून गिरकी घेणारा म्हातारा. माशा अंधुक, जणू उडणाऱ्या पाकळ्या.

"काका," तांड्याचा नायक नेमसिंग म्हणाला, "असे तं तुमी सोताच्या लग्नातबी नाई नाचले!"

"नाचून नाई राह्यला थो," हंसाबाई म्हणाली. "मरून राह्यला."

हाच फोटो पहिला येणार, हे शादाबला हाडाहाडात ठाऊक होतं. जी हाडं शाबूत होती, त्यांत तरी. पाठवताना त्यानं खाली लिहिलं: बोर मी तोडली, धूर मी केला, माणूस नाचत नाही. स्पर्धावाल्यांनी फोटो बाहेर फेकला आणि शादाबचं नाव पुढच्या स्पर्धांतूनही काढलं.

फोटो मागितला फकिरानं. मोठा करून, काच लावून भिंतीवर टांगला. पाहुणे येतात, तोंडभर वाखाणतात. "सावर फुलली, माह्या अंगात आलं, नाचलो!" फकिरा सांगतो. हंसाबाई चुलीपासून काहीतरी आपटते.

"कायले खोटं सांगता काका?" एकदा शादाबनं विचारलं.

"मरतानाचा फोटू कोणी भिंतीले लावते का बे?"

मग पाहुण्यांसमोर त्यालाच साक्षीला ओढतो. "तू होतास ना तठी? सांग, नाचलो का नाई?"

"नाई काका. तुमी मले हाका मारून राह्यलते. मले आयकू येत होतं."

फकिराची काठी नेमकी त्याच मोडलेल्या हाडावर बसते. शादाब कळवळतो, खांदा चोळतो, हंसाबाईनं पुढं केलेला चहा पितो. पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा येतो, पुन्हा तेच सांगतो, आणि काठी पुन्हा पडते.