निरोगी माणसाची पट्टी

"हलू नकोस. आणि हसू तर अजिबात नकोस."

"खुर्चीत बसवून हसू नकोस म्हणालात की हसू येणारच ना," बायको म्हणाली. तिच्या मनगटांना वायरी लावलेल्या होत्या आणि ओठ दाबून धरूनही गाल हलत होते.

इस्पितळात तिच्या नवऱ्याला सगळे 'घ्यासोडा' म्हणत. एकवीस वर्षं एकाच खोलीत बसून ते रोग्यांना एकच गोष्ट सांगत आले होते: श्वास घ्या, सोडा. मिनिटाला सहा. श्वास घेताना हृदय जरा घाई करतं, सोडताना सावकाश होतं, आणि हे सारं आपल्याला न विचारता. ठोके, घाम, पचन असा सगळा संसार आपल्या नकळत सांभाळणाऱ्या काही नसा असतात. त्या धड असल्या की ठोके मोजणाऱ्या मशीनमधून निघणाऱ्या कागदाच्या पट्टीवरची रेघ वरखाली होते. मधुमेहाने त्या झिजल्या की रेघ सरळ जाते, आणि मग माणसाला दुखायला हवं तेव्हाही दुखत नाही.

मशीनची वायर बदलली की पहिली पट्टी निरोगी माणसावर काढायची, हा त्यांचा शिरस्ता. एरवी झाडणाऱ्या मावशी खुर्चीत बसायच्या, पण त्या दिवशी मावशी रजेवर होत्या. तेवढ्यात बायको त्यांचा घरी विसरलेला चष्मा घेऊन आली आणि तिलाच त्यांनी बसवलं.

बायकोला चौदा वर्षं साखर होती. तिच्या गोळ्या आणायचे तेच. दुसऱ्या कुणाची बायको असती तर निरोगी म्हणून तिला त्यांनी खुर्चीच्या जवळही येऊ दिलं नसतं. पण ही घरादाराचं ओझं एकटीने ओढणारी, कधी डोकं धरून न बसलेली बाई. ती आजारी आहे हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

"घ्या... सोडा," ते म्हणाले. रेघ सरळ आली. पुन्हा केलं, पुन्हा सरळ.

"हात्तिच्या. नवी वायर घालून आणखीच बिघडवून ठेवलंय."

"म्हणजे मी नापास?"

"तू कशाला? मशीन नापास."

ती पट्टी मशीनलाच चिकटवून त्यांनी मशीन दुरुस्तीला पाठवून दिलं.

पुढच्या दिवसांत ती सकाळी उठताना दाराची चौकट धरू लागली. दोन घासांत पोट भरलं म्हणायची. भर उन्हातून आली तरी तिचं कपाळ कोरडं. "तुला बघ, घामसुद्धा येत नाही," असं ते कौतुकाने म्हणायचे. पुढे ते आठवलं की त्यांना स्वतःची जीभ हासडावीशी वाटे.

अठराव्या दिवशी दुपारी तिने परगावच्या लेकीला फोन केला. "दमल्यासारखं होतंय गं." लेक कामात होती. म्हणाली, "झोप जरा. संध्याकाळी बोलू." बायको झोपली ती उठलीच नाही. हृदयविकाराचा झटका, दुखलंही नसेल, असं डॉक्टर म्हणाले. बिनत्रासाची गेली, नशीबवान, असं सगळे म्हणाले. लेक मात्र रोज संध्याकाळी त्यांचा फोन गेला की एकच धरून बसे. "मी झोप म्हणाले, बाबा. डॉक्टरांकडे जा म्हणाले असते तर?"

रजा संपवून घ्यासोडा कामावर आले, त्याच आठवड्यात मेकॅनिक मशीन घेऊन हजर झाला.

"काका, यात काहीच बिघाड नाही. मी स्वतःवर तीनदा चालवून बघितलं."

"काहीच नाही?"

"काही नाही. ही पट्टी ज्यांची आहे ना, त्यांना लवकर डॉक्टरांना दाखवा." पट्टी टेबलावर ठेवून तो निघून गेला.

ती कुणाची हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. खिशात घातली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. फक्त लेक जन्मभर स्वतःला कोसत राहिली असती. खरं सांगितलं तर लेक तुटेल, अशी त्यांना भीती वाटली. आता त्यांचं असं ती एकटीच उरली होती. त्यांनी दार लावून घेतलं आणि तिला फोन केला.

"तुझी काही चूक नाही," ते म्हणाले, आणि चष्म्यापासून मेकॅनिकपर्यंत सगळं सांगून टाकलं. मध्ये थांबले असते तर पुढे बोलवलं नसतं.



"बाबा, तुम्ही रोज हेच काम करता ना?"

"हो."

"रोज?"

"हो. एकवीस वर्षं."

ती रडू लागली. त्यांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"आज संध्याकाळी फोन करू नका," शेवटी ती म्हणाली.

"बरं."

ते फोन ठेवणार, तोच तिचा आवाज आला.

"उद्या करा."