बावीसपैकी बावीस

नागोरावाचं घर बावीसपैकी बावीस मुद्द्यांत पास झालं, ही बातमी बाबारावाला उमरखेडच्या एसटी स्टँडवर कळली. त्याने हातातला चहा न पिताच टपरीवाल्याला परत केला. त्याचं स्वतःचं घर चार दिवसांपूर्वी तेरावर अडकलं होतं.

बाब नातवाची होती. धम्मरत्न नऊ वर्षांचा. बोलत नाही, दार उघडं दिसलं की चालू लागतो, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून घेतो. बाप रवी राजूरच्या कोळसा खाणीत कामाला. आई साधना नर्स, तिला सहा आठवड्यांचं ट्रेनिंग नागपूरला. तेवढे दिवस पोरगं आबाकडे, म्हणजे बाबारावाकडे राहणार, की साधनाच्या बापाकडे, नागोरावाकडे? दोघं इवाई, म्हणजे व्याही, एकाच गावचे, मध्ये दोन गल्ल्या आणि नऊ वर्षांची धुसफूस. धम्मरत्नच्या शाळेतल्या प्रेरणा मॅडमचं म्हणणं, पोराला कुठं ठेवायचं ते घर तपासून ठरवू. फवारणीचं औषध कुलपात, विळी उंचावर, पाण्याच्या टाक्याला झाकण, संडास-बाथरूमला आतून कडी नाही, फाटकाला घंटी. अशी बावीस कलमं.

"इवायाचं घर रिकामंच हाय," बाबाराव घरी येऊन म्हणाला. "रिकाम्या घरात पोराले लागनार काय, भिंत?"

"भिंतीले तं तुमीच डोकं आपटून राह्यले," मथुराबाई म्हणाली. तिचं त्याच्याशी लग्न होऊन एक्केचाळीस वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी बाबाराव फवारणीचा पंप मागायच्या निमित्ताने नागोरावाकडे गेला. पंप त्याच्या स्वतःच्या घरी दोन होते. इवायाच्या पलंगाच्या कोपऱ्यांना गोधडीचे तुकडे शिवलेले, प्लगच्या भोकांना झाकणं, फाटकावर एक छोटी पितळी घंटी. नागोरावाने चहा दिला तोही कोमट.

"गरम चहा आता आपन खाली ठेवतच नाही," नागोराव म्हणाला. "मुद्दा नंबर नऊ."

"माह्या घरी तं आमी चहाच सोडून राह्यलो," बाबाराव म्हणाला.

घरी येईपर्यंत त्याचा निश्चय झाला होता. इवायाने एक केलं तर आपण अकरा करायचं. बाजारातून बैलांच्या गळ्यातल्या अकरा घाट्या आणून त्याने फाटकाला, दारांना, कपाटाला आणि एक उगाच तुळशीजवळच्या बादलीला बांधली. मथुराबाई म्हणाली, मॅडमनं बाथरूमची कडी काढा सांगितलं. बाबारावाने स्क्रू-ड्रायव्हर घेऊन घरातल्या सगळ्याच कड्या काढल्या, मागच्या दाराचीसुद्धा; कडीमागे एक मार्क वाढेल असा त्याचा हिशेब होता. विळी, सुरी, कात्री पेटीत गेली आणि किल्ली बनियनच्या खिशात. मथुराबाई दोन दिवस वांगी हाताने फोडत होती. काडेपेटी हवी असेल तर तिला आधी कारण सांगावं लागे. पाट्या-वरवंट्याला गोधडी गुंडाळली. शेवटी शेळी उरली. तिच्या शिंगांवर त्याने रवीचे जुने मोजे चढवले.

"ते शेळीलेबी पास करनार हायेत का?" मथुराबाईने विचारलं.

"इवायाकडे शेळीच नाही," बाबाराव समाधानाने म्हणाला.

फेरतपासणीला मॅडम आल्या, सोबत साधना आणि धम्मरत्न. आपला बाप आला तर मामाजींना बरं वाटेल, असं साधनाला उगाच वाटलं होतं, म्हणून नागोरावही होता. मॅडमनी फाटक ढकललं. एक घाटी वाजली, त्या दणक्याने दुसरी, शेळी बिचकून बादलीवर गेली, आणि मग अकराच्या अकरा वाजल्या.

धम्मरत्नने दोन्ही कान दाबले. सगळे शेळीकडे धावले. शेळी सापडली तेव्हा पोरगं नव्हतं. मागचं दार सताड उघडं होतं, आणि दारापलीकडे पुसद रोड.

बाबाराव एका पायात चप्पल घालून पळाला. समोरून एसटी गेली. ती जाईपर्यंत त्याला रस्त्याची पलीकडची बाजू दिसली नाही. पलीकडे राहणाऱ्या पंजाबरावाच्या ओसरीत कापसाचा ढीग होता. त्यात कमरेपर्यंत पोरगं आणि दोन्ही कानांवर कापूस. तो अगदी शांत होता. बाबाराव शेजारी बसला. हात लावायची हिंमत त्याला झाली नाही.

मॅडमनी कागदावर काही लिहिलं नाही, म्हणजे काय ते बाबारावाला कळलं.

"मंग इवायाकडेच," तो कसाबसा म्हणाला. "बावीसपैकी बावीस."

नागोराव जमिनीकडे बघायला लागला.

"त्यांनी पुढचं सांगितलं नाही का तुम्हाला?" मॅडम म्हणाल्या. "घर पास आहे. पण घरात दोन मोठी माणसं लागतात. काका एकटेच आहेत. दुसरं माणूस मिळालं नाही तर साधनाताईंना ट्रेनिंग सोडावं लागेल."

"म्हंजे इवाई अर्धाच पास," बाबाराव म्हणाला.

"आपन येता का राहायला?" नागोराव पुटपुटला. "मले दुसऱ्या कोनाले सांगाची लाज वाटते."

"मले सांगाची नाही वाटत?"

"तुमची तं सवय हाय."

बाबारावाने सही केली, पण 'दुसरी व्यक्ती' या शब्दांवर हरकत घेतली. मॅडमनी ऐकलं नाही. मथुराबाईने त्याची पिशवी पाच मिनिटांत भरून दिली, त्याआधी पेटीची किल्ली मात्र काढून घेतली.

आता दुपारी तिघं नागोरावाच्या घरी चटईवर आडवे होतात, मध्ये धम्मरत्न. पहिले आठ दिवस तो झोपेत नागोरावाच्या पोटावर पाय टाकायचा. बाबाराव रोज बघायचा आणि रोज चार बोटं जवळ सरकायचा. नवव्या दिवशी पोराने कूस बदलली आणि बाबारावाच्या बरगडीत सणसणीत लाथ बसली.

"पाह्यलं का," बाबाराव कळ दाबत नागोरावाला म्हणाला. "तुमच्यावर नुसता पाय ठेवते."