डाव्या पायाचा बूट

सेजल आणि प्रज्योत या बहीणभावाचं त्या रविवारी पेडण्याच्या घरातून निघतानाच वाजलं. कारण सायकलीची पेडलं.

महिन्याभरावर आलेल्या शर्यतीत दोघं जोडीने उतरणार होती. प्रज्योत पणजीला नोकरी करायचा. सायकलीचं वेड मूळचं त्याचं, ताईलाही त्यानेच त्यात ओढलं. तिला त्याने स्वतःसारखीच रोड सायकलीची पेडलं आणि बूट आणून दिले होते. बुटाच्या तळाला प्लॅस्टिकची मोठी क्लीट. ती पेडलात खटकन बसते आणि टाच बाहेर वळवली की सुटते. सेजल डिचोलीत फार्मासिस्ट होती. दुकानात दिवसभर उभं राहून तिचा डावा गुडघा आधीच कुरकुरायचा. त्या क्लीटमध्ये पाऊल एकाच कोनात जखडून राहायचं, आणि गुडघा रात्रभर ठणकायचा. शेवटी भावाला न सांगताच तिने सगळं बदललं. नवी क्लीट लहान, लोखंडी, रबरी तळव्याच्या खाचेत दडलेली. पावलाला जरा मोकळीक मिळायची आणि उतरल्यावर साध्या बुटासारखं चालता यायचं.

"ही डोंगरात फिरवायच्या सायकलीची पेडलं," प्रज्योत म्हणाला. "माका विचारलंस तरी?"

"गुडघो माझो दुखता, तुझो नाय."

"शर्यतीत पाय सुटलो मगे कळात तुका."

हे तो उगाच बोलत नव्हता. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या शर्यतीत शेवटच्या चढावर त्याचा पाय पेडलातून निसटला होता. तो आपटला आणि गळपट्टीचं हाड मोडून घरी आला. तेव्हापासून त्याने क्लीट धरून ठेवणारी पेडलाची स्प्रिंग घट्ट पिळून ठेवली होती. थांबताना तोही दोनदा झटका देऊनच पाय सोडवायचा. 'थोडी सैल कर' असं सेजल म्हणाली की विषय बदलायचा.

हरमलपर्यंत दोघांत बरंच अंतर पडलं. नेहमी तो पुढे राहून तिला वाऱ्याचा आडोसा द्यायचा. आज त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. केरीच्या उतारावर तर तो सुसाट सुटला. खाली नदीवर तेरेखोलहून येणारी फेरीबोट धक्क्याला लागत होती. ही बोट गाठायची आणि ताईला मागे टाकून पलीकडे जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात असावं.

सेजलला वरून सगळं दिसत होतं. भरती ओसरू लागली होती. धक्क्याचा उतार अर्ध्यापर्यंत ओला, हिरवट शेवाळाने माखलेला.

"प्रज्या, हळू!"

बोटीवरचा खलाशी विठ्ठल हात हलवून ओरडला, "रे, थांब! बोट लागाक नाय अजून!"

प्रज्योतने ब्रेक दाबले. चाकं थांबली, सायकल मात्र घसरतच राहिली. त्याने उजवा पाय सोडवून खाली टेकला. प्लॅस्टिकची क्लीट शेवाळावरून साबणासारखी सरकली. डावा पाय सुटलाच नाही. सायकलीसकट तो डाव्या अंगावर पडला आणि उतारावरून थेट पाण्यात गेला.

भोंगा वाजला. बोटीचं इंजिन उलटं फिरलं. पुढची लोखंडी फळी त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर लोंबत होती.

सेजलने सायकल वाटेतच टाकली आणि धावली. तिच्या बुटांचं रबर शेवाळात रुतलं. ती घसरली, पण उभी राहिली. छातीभर पाण्यात पोचेपर्यंत प्रज्योत दोनदा खाली जाऊन वर आला होता. ओहोटीचं पाणी सायकलीला समुद्राकडे ओढत होतं आणि सायकल त्याला.

"पाय! ताई, पाय...!" पुढचं पाण्यात गेलं.

विठ्ठलने फेकलेलं, दोरी बांधलेलं तरंगतं कडं तिने भावाच्या काखेत सारलं आणि स्वतः बुडी मारली. पाणी गढूळ, काही दिसेना. हाताला चाक लागलं, मग पेडल, मग बूट. तिने टाच धरून बाहेर पिळली. टाचेबरोबर सगळी सायकलच फिरली. जमिनीवर सायकल अंगाच्या भाराने जागेवर राहते. इथे तिला धरून ठेवणारं काहीच नव्हतं. तिने पुन्हा पिळली, सायकल पुन्हा फिरली. प्रज्योतचा दुसरा पाय तिच्या खांद्यावर आदळत होता. तिला श्वासासाठी वर यावं लागलं.

"हलू नको!" ती किंचाळली. "पाय सैल सोड, मी काडतंय!"

पेडल सुटत नसेल तर राहू दे. पाय बुटातून सुटला तरी पुरे. दुसऱ्या बुडीत तिने बुटावरची, नाडीऐवजी असलेली तार आवळायची गोल चकती चाचपली. ती वर ओढली की तार सैल पडते, हे तिला ठाऊक होतं. बोटं दोनदा निसटली. तिसऱ्यांदा चकती वर आली. तिने तार उपसली, बुटाची जीभ फाकवली आणि त्याच्या पोटरीला मिठी मारून पाय ओढला.

पाय मोकळा झाला आणि सायकल खाली गेली.

विठ्ठलने दोरी ओढून दोघांना काठावर घेतलं. प्रज्योत ओणवा होऊन पाणी ओकत राहिला. एका पायात बूट, दुसऱ्यात फक्त भिजलेला मोजा. मग तोंड पुसून म्हणाला, "आयेक सांगू नको."

"घराक गेल्यार सांगतलंय," सेजल म्हणाली.

दुपारी ओहोटी पुरी झाल्यावर मासेमारीवाल्यांनी आकडा टाकून सायकल वर काढली. बूट अजून पेडलातच होता. प्रज्योतने दोन्ही हातांनी तो पिळून पाहिला. निघाला नाही. त्याने सायकल तशीच टेम्पोत चढवली.

पाण्यात असताना सेजलला भीती वाटायला सवड मिळाली नव्हती. भीतीने तिला गाठलं ते गुरुवारी, दुकानात. गिऱ्हाइकाच्या गोळ्या हातातच ठेवून ती मटकन स्टुलावर बसली. संध्याकाळी तिने भावाला फोन केला.

"मी अजून सायकलीर बसूक नाय," तो म्हणाला.

"रविवारी ये. खळ्यात बसूया."

त्यांनी शर्यतीतून नाव काढून घेतलं. रविवारी घरापुढच्या खळ्यात सेजलने त्याची सायकल हँडल धरून उभी केली. पेडलं तीच होती, पण स्प्रिंग त्याने स्वतः सैल केली होती. डावा पाय खटकन बसला तसा त्याचा चेहरा पांढरा पडला.

"काड," ती म्हणाली.

त्याने टाच वळवली. पाय सुटला.

"परत."

आई, प्रभावती, चहाला हाक मारायला दारात आली होती. ती चहाचं विसरून तिथेच त्याच्या पायाकडे बघत राहिली.