गुलाबी पडलेली लाल गाडी

मी लाल गाडी बोलतेय. हसू नका. मध्यंतरी काही वर्षं मी गुलाबी होते, पण ती माझी आवड नव्हती.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी इतकी लालचुटुक होते की चौकात उभी राहिले तर मागच्यांनी मलाच सिग्नल समजावं. मला घेतलं एका नर्सबाईंनी, स्वतःच्या पगारातून. घरोघरी जाऊन बाळंतिणींना तपासायचं त्यांचं काम. पुढच्या सीटवर औषधांची पेटी, मागे बाळांचा वजनकाटा. एक मुलगी तर माझ्या मागच्या सीटवरच जन्मली. दवाखान्यापर्यंत थांबायला ती तयारच नव्हती!

बाई निवृत्त झाल्या आणि किल्ली त्यांच्या यजमानांच्या खिशात गेली. हे भूमितीचे मास्तर. मला "माझी गाडी" म्हणायचे, चालवायचे मात्र महिन्यातून एकदा. एरवी मी फाटकाबाहेर, रणरणत्या उन्हात. बोनेट गुलाबी पडलं, टपावर खडूसारखी भुकटी जमली. कुणीतरी त्या भुकटीत बोटानं बेरीज केली, तीही चुकीची. मास्तर खवळले. त्यांनी उत्तर दुरुस्त केलं, पण मला पुसलं नाही.

एका सकाळी म्हणाले, "रविवारी भंगारवाला येतोय. मी शब्द दिलाय."

माझ्या पोटातलं तेल गोठलं.

बाई भाजी चिरत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "अशी पाठवायची? तोंड तरी धुऊन पाठवू."

त्यांनी गॅरेजमधल्या पेंटरला बोलावलं. त्यानं अंगठा ओला करून बोनेटवर घासला. "बाई, रंग मेला नाही. वरची साय मेलीय. धुवा, घासायची पेस्ट, म्हणजे कंपाउंड, लावून ती हलक्या हातानं काढा, मग मेण चढवा. एकदम सगळीकडे हात घालू नका, छोटे छोटे चौकोन घ्या."

चौकोन! मास्तरांचे कान टवकारले. पट्टी आणून त्यांनी माझ्या बोनेटवर सोळा चौकोन आखले, सगळे समान. मग पहिला चौकोन घासला, फडकं उलटं केलं आणि ओरडले, "अगं, हिला रक्त येतंय!"

"अहो, लालच आहे ती," बाई म्हणाल्या. "तुम्ही विसरलात."

तीन दिवस दोघं घासत होते. मला गुदगुल्या होत होत्या, पण हलायची सोय नव्हती. शनिवारी मेण चढलं. मास्तरांना माझ्या दारात स्वतःचा चेहरा दिसला आणि ते तिथंच भांग पाडायला लागले. तेव्हाच मी ओळखलं, गडी विरघळला.

रविवारी भंगारवाला आला आणि बघतच राहिला. "हे भंगार नाही मास्तर. मी स्वतःच वापरीन."

मास्तर गडबडले. "अहो, इंजिन खोकतं हिचं. ब्रेक तर मनात आलं तरच लागतात."

"बघू की," म्हणत त्यानं किल्ली मागून घेतली आणि फिरवली.

मी खोकायला हवं होतं, कळतं मला. पण अंगावर ताजं मेण, समोर बघणारी माणसं! एका फटक्यात सुरू झाले, तेही गुणगुणत. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळातपासणीत भलत्याच वेळी खरं बोलणाऱ्या मुलाकडे बघावं.

"मास्तर, शब्द दिला होतात," भंगारवाला म्हणाला.

बाई हात पुसत बाहेर आल्या. "शब्द त्यांचा, गाडी माझी. कागदावर माझंच नाव आहे." आणि त्यांनी तळहात पुढे केला.

भंगारवाल्यानं त्यावर किल्ली ठेवली. "मग मी रिकामाच जाऊ?"

"छे! यांची लोखंडी आरामखुर्ची न्या. बारा वर्षं बसून बसून गंजलीय."

खुर्ची गेली. बसायला जागाच उरली नाही, तेव्हा मास्तर माझ्या डाव्या सीटवर येऊन बसले. बाईंनी गिअर टाकला.

आता बाई मला रोज फिरवतात. मास्तर "डावीकडे, डावीकडे" म्हणतात, आम्ही दोघी उजवीकडे जातो. पण त्यांना घासायचं व्यसन लागलंय, बघा. माझ्यानंतर फाटक झालं, मग शेजाऱ्यांची पत्रपेटी. आणि अजून हात शिवशिवतातच. तुमच्याकडे काही फिकं पडलेलं, गंजलेलं असेल तर कृपा करून पत्ता कळवा. तेवढीच माझ्या कातडीला विश्रांती!