डाव्या डोळ्याचा गुलाब

उजव्या डोळ्याची पट्टी सुटली तशी हुमाची पिस्ता रंगाची ओढणी खरं तर आकाशी निघाली.

शिसवी ठसा, गुलाबाचा. कमरुन्निसाच्या सासऱ्याच्या हयातीत या ठशाने रजया छापल्या जात. आता एक पाकळी झिजली आहे. ती हाताने काढावी लागते.

डॉक्टरने डोळ्यात सुरमा घालायला मनाई केली. घरात भरलेली सुरमेदाणी होती. तो सुरमा कार्डांवरच्या पानांच्या सावलीत गेला.

दर्ग्यापुढचा फूलवाला सुटा गुलाब विकत नाही. हार घ्या नाहीतर चादर घ्या, म्हणतो.

मोतीबिंदूच्या शिबिराची चिठ्ठी: डावा डोळा, पंधरा तारीख, सकाळी आठ.

*

"खाला, वाईट वाटून घेऊ नका," ऋतुजा म्हणाली, "पण हा तुमचा गुलाब न्हाई."

ऋतुजाचं लातुरात भेटवस्तूंचं दुकान. कमरुन्निसाने पाठवलेलं नमुन्याचं कार्ड हातात पडलं तशी ती दुसऱ्या दिवशी बस धरून अहमदपूरला आली होती.

"ठसा माझा, हात माझा," कमरुन्निसा म्हणाली. "मग गुलाब काय शेजारणीचा?"

हुमा, तिची सून, चहा ओतता ओतता हसली.

ऋतुजाने पर्समधून एक जुनं कार्ड काढलं आणि नव्याच्या शेजारी ठेवलं. दोन्हीकडे तोच ठसा, तपकिरी शाईत. आधी पाण्याचा रंग, तो वाळला की वरून रंगपेन्सिल, देठापाशी बोटाने फिरवलेला सुरमा, आणि मेंदीच्या रिकाम्या कोनात पांढरा रंग नि डिंक भरून उठवलेले दवाचे थेंब. नवा गुलाब लाल होता. जुना जांभळा होता. वांग्याच्या सालीसारखा, आणि आतून कुठेतरी धुमसणारा.

कमरुन्निसाने तो उचलून खिडकीपाशी नेला. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू निघून महिना झाला होता. त्यानंतर आपलं जुनं काम तिने पाहिलंच नव्हतं. घरात एकही कार्ड उरत नसे.

"हे कुणी रंगवलं?"

"तुम्हीच, अम्मी."

"जांभळा?"

"दोन साल झाले," हुमा म्हणाली.

"आन् तू बोलली न्हाईस?"

"लोक घेत होते. मला वाटलं, अम्मी मुद्दाम करून राहिल्या."

कमरुन्निसाने हाताने उजवा डोळा झाकला. कार्डावरचा गुलाब लाल झाला. हात काढला, जांभळा. झाकला, लाल. तिने तीनदा करून पाहिलं आणि मग दोघींकडे पाठ करून उगाच ठसा पुसत राहिली.

"पुनमला, म्हंजे नवरीला, तोच पाहिजे," ऋतुजा मागून म्हणाली. "लग्नाची एकशेवीस कार्डं. लाल तर छापखान्यात कुणीबी करून देतंय, खाला. हा तुमच्याशिवाय कुणाकडं न्हाई."

"आज किती तारीख?"

"पाच."

*

पहिलं कार्ड हुमाने केलं. जांभळ्या रंगात थोडा किरमिजी मिसळून, जुन्या कार्डाशी तंतोतंत जुळवून. कमरुन्निसा बराच वेळ बघत राहिली.

"रंग बरोबर हाय. फूल मेलेलं हाय."

"जुळवलाय ना, अम्मी."

"तू जांभळा रंगवला. मी लाल रंगवत होते."

दुसरं कार्ड तिने स्वतः केलं. ऑपरेशननंतर मिळालेली डोळ्यावरची जाळी काढली, आत काळ्या कापडाची घडी घातली आणि उजव्या डोळ्यावर बांधली. तेही फसलं. आपण जांभळा करतोय हे हाताला आता ठाऊक झालं होतं, आणि हात लबाडी करत होता.

तिसऱ्या कार्डाआधी ती दर्ग्यापाशी गेली.

"हारच घ्यावा लागंल," फूलवाला म्हणाला.

"घेते. रोज एक."

तिने हारातला गुलाब सोडवून वाटीत ठेवला, उजव्या डोळ्याने त्याचा लाल नीट पाहून घेतला, मग जाळी बांधली आणि एकट्या डाव्या डोळ्याने कार्डावर तोच लाल शोधू लागली. पहिला हात विटकरी दिसला. थोडा निळा टाकला. अजून विटकरी. अजून थोडा. मग एका क्षणी कागदावरचं फूल आणि मघाशी पाहिलेलं फूल सारखं झालं. दोन्ही लाल.

"आता बघ," तिने हुमाला हाक मारली.

हुमाने पाहिलं. आपण केलेलं कार्ड उचलून ती चुलीकडे गेली.

*

सत्तेचाळिसाव्या कार्डाला मान धरली. हुमा छापून द्यायची, झिजलेली पाकळी पेन्सिलने पुरी करायची, दवाचे थेंब टाकायची. रंग फक्त कमरुन्निसाचा. सूर्य माळवदावरून उतरला की काम बंद. बल्बच्या उजेडात डावा डोळा फसवतो.

"अम्मी, ऑपरेशन पुढं ढकला की," हुमा म्हणाली. "तीन महिन्यानं पुन्हा शिबिर हाय. ऋतुजाताई म्हनत होत्या, दिवाळीला अजून मागणी येईल."

"नक्को. दुकानासाठी आंधळेपण सांभाळत बसू का? आठवतंय ना, मागल्या साली तुझ्या पोराला मी खारट शिरा दिला ते?"

"पण मग हा गुलाब..."

"संपला. नंतर लाल करीन. चांगला करीन. ज्याला घ्यायचा तो घेईल."

फोनवर ऋतुजालाही तिने हेच सांगितलं.  मग ऋतुजा म्हणाली, "खाला, एकशे एकविसावं करता का? मला ठेवायला."

"उजेड राहिला तर."

*

चौदा तारखेला एकशेवीस झाली. खिडकीत अजून बोटभर ऊन होतं. हुमाने न सांगता एक कार्ड छापून पुढे सरकवलं.

पंधरा तारखेला शिबिरात एका मुलीने कमरुन्निसाच्या डाव्या भुवईवर पेनाने खूण केली. बाकावर आपली पाळी येईपर्यंत तिने पिशवीतून एकशे एकविसावं कार्ड काढलं, उजवा डोळा झाकला आणि पाहिलं. नाव पुकारलं तेव्हा तिने ते हुमाच्या हाती दिलं.

"ऋतुजाला दे. लाल हाय म्हनून सांग."

*

पहिला जांभळा गुलाब तिने दोन वर्षांपूर्वी नवऱ्यासाठी केला होता. महेबूब तेव्हा दवाखान्यात होता. कार्ड उशाशी ठेवून तो म्हणाला होता, लाल छान आलाय. त्याचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते.