सोळा चित्रांची फाईल

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. जाड पुठ्ठ्याची, वरून निळं कापड लावलेली, तीन बाजूंना नाड्या असलेली. मला कोणी विकत आणलं नाही. एका बाइंडरने आपल्या बायकोसाठी मला स्वतःच्या हातांनी बनवलं. पुठ्ठा कापला, खळ लावली, दोन दिवस वजनाखाली दाबून ठेवलं आणि तिच्या हातात देत तो म्हणाला, "घ्या चित्रकार. आता चित्रं गादीखाली ठेवायची नाहीत."

तिची चित्रं तोवर खरंच गादीखाली असायची.

सगळ्यांची जेवणं उरकली की ती स्वयंपाकघरातलं टेबल पुसायची आणि चित्र काढायला बसायची. एकदा तिच्या सासऱ्यांनी ब्रश बुडवायचा पेला पाण्याचा समजून तोंडाला लावला. "सूनबाई, सरबतात साखर विसरलीस," असं म्हणून त्यांनी तो शांतपणे खाली ठेवला. नणंद आली की म्हणायची, "वहिनी, माझ्या पडद्यांवर दोन मोर काढून दे ना. तेवढीच तुझी कला कुणाच्या कामाला येईल." ती हसून चहा टाकायची. मोर मात्र तिने कधी काढून दिले नाहीत.

मला काखेत धरून ती प्रकाशकांकडे जायची. बाहेरच्या बाकावर मी तिच्या मांडीवर असायचे. आत कोणी चित्रं भराभर उलटायचं, कोणी बघता बघता फोनवर बोलायचं. "माणसं छान काढता, पण जरा हसरी काढा," असं एकाने सांगितलं. पुढच्याला तीच फार हसरी वाटली. "ठेवून जा, कळवतो," हे तर इतक्या वेळा ऐकलं, की ते म्हणायच्या आधीच ती उठायची. एका मासिकाने तिचं एक चित्र छापलं, तेही आगपेटीएवढं, आणि खाली नाव दुसऱ्याचं. घरी येऊन तिने ते नाव पेनने खोडलं आणि आपलं लिहिलं. बाइंडरने तो अंक महिनाभर दुकानात समोरच ठेवला. येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, "आमच्या हिचं आहे."

अशी नऊ वर्षं गेली. मग एका संपादकबाईंनी तिला एक अख्खं पुस्तक दिलं. नदीच्या उगमापर्यंत एकटी नाव वल्हवत जाणाऱ्या मुलीची गोष्ट होती. सोळा चित्रं हवी होती, मुदत चार महिन्यांची. बाईंनी एकच गोष्ट बजावली. "रंग पानाच्या मापाच्या या रेघेबाहेर बोटभर जाऊ द्या. पुस्तक छापून झालं की कडा आम्ही कापू. आधी अजिबात कापू नका."

तिने तसंच केलं. घरातलं सगळं सांभाळून चार महिन्यांत सोळा चित्रं काढली. तेवढी सुंदर चित्रं माझ्या पोटात कधीच आली नव्हती. कडांना मात्र रंगाचे फराटे होते, चिकटपट्टी ओढल्याने कागद फाटला होता, आणि मिळेल तसा कागद आणल्यामुळे कुठलाच कागद दुसऱ्याएवढा नव्हता.

चित्रं नेऊन देण्याच्या आदल्या दिवशी ती तापाने झोपली होती. माझ्या नाड्या तुटायला आल्या होत्या. त्या बदलाव्यात म्हणून बाइंडर मला दुकानात घेऊन गेला. त्याच्याकडे वह्या, हजेरीपुस्तकं, जुन्या पुस्तकांची बांधणी असलं काम असायचं. रंगीत पुस्तकाच्या छपाईतलं त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याने नव्या नाड्या लावल्या. मग चित्रं वर काढली आणि त्या वेड्यावाकड्या कडा पाहून त्याचा चेहराच उतरला. अशी चित्रं घेऊन गेली तर लोक हिला काय म्हणतील, असं त्याला वाटलं असणार. वेडीवाकडी कड त्याने जन्मात गिऱ्हाइकाच्या हातात दिली नव्हती. त्याने सोळाही चित्रं एकावर एक नीट लावली, सगळ्यांत लहान कागदाचं माप धरलं आणि कटिंग मशीनचं पातं खाली आणलं. चारही बाजूंनी.

घरी आल्यावर त्याने मला तिच्या उशाशी उघडलं. "बघ, कशी एकसारखी करून आणली! आता कुणाची बोट ठेवायची टाप नाही."

तिने सगळी चित्रं एक एक करून पाहिली. मुलीची बोटं गेली होती. नावेचं टोक गेलं होतं.

"कापलेल्या पट्ट्या कुठे आहेत हो?" तिने विचारलं.

"रद्दीत गेल्या. का गं?"

"काही नाही. छान झालंय."

दुसऱ्या दिवशी ती तापातच चित्रं घेऊन प्रकाशकांकडे गेली. संपादकबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, अशी छापली तर कडेला पांढरं राहील. मोठी करून छापली तर डोकी जातील. कापली कुणी?"

"माझ्या हातून चूक झाली," ती म्हणाली.

बाईंनी सगळी चित्रं पुन्हा काढायला दहा दिवस दिले. नवरा झोपल्यावर ती काढत बसायची, दहा दिवसांत तीनच चित्रं झाली. काम दुसऱ्याकडे गेलं, आणि कडा कापल्यामुळे तसं करावं लागलं, असं कळवणारं पत्र घरी आलं. ते तिने माझ्या आतल्या कप्प्यात सरकवलं आणि नवऱ्याला सांगितलं, "त्यांनी पुस्तकच रद्द केलं." तो खूप चिडला. पुढची अकरा वर्षं तो त्या प्रकाशकांना शिव्या देत राहिला. "एवढी टापटीप चित्रं होती, मी स्वतः कापून दिली होती," असं ज्याला त्याला सांगत राहिला. तीही तिथेच बसून ऐकायची. तिने पुन्हा ब्रश हातात घेतला नाही. माझ्यात विजेची बिलं आली, नंतर तिच्या आजारपणाचे कागद.

ती गेल्यावर एका दुपारी बाइंडर आणि त्याची बहीण ते कागद लावत बसले होते. तेव्हा ते पत्र त्याच्या हाती लागलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि बहिणीपुढे धरलं.

"तुला माहीत होतं?"

"हो रे दादा," नणंद म्हणाली. "तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती तिने. म्हणाली, त्याने मायेने केलंय, कळलं तर तो मशीनला हात लावायचा नाही."

"अगं, पण तिने भांडायचं तरी होतं माझ्याशी! दोन शिव्या तरी द्यायच्या होत्या मला!"

बहिणीने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्याने झटकला.

तेव्हापासून मी त्याच्या पलंगाखाली आहे. तो मला उघडत नाही आणि टाकतही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी काही लिहीत असेल, काढत असेल, शिवत असेल. ते तुम्हाला वेडंवाकडं, अर्धवट दिसेल. नीटनेटकं करून द्यावं असं तुमच्या मनात येईल, आणि तुमची माया खोटी नसेल. तरी आधी विचारा. आणि ज्याचं बिघडलं, त्यानेही तोंड उघडावं, आपल्या माणसाला बोलावं, रडावं. पातं खाली येत होतं, तेव्हा सगळं ठाऊक असलेली त्या दुकानात मी एकटीच होते. पण मला तोंड नाही, मित्रांनो. तुम्हाला आहे.